पाण्यातील सोमल आणि प्रकाशाची साक्ष

पाण्याची पारख करण्यासाठी निसर्गाने माणसाला जी साधने दिली आहेत ती फार जुनी आणि बहुतेक प्रसंगी विश्वसनीय आहेत. गढूळ पाणी डोळ्यांना खटकते, कुजलेले पाणी नाकाला कळते, खारट वा मचूळ पाणी जिभेवर येताच ओळखू येते. आणि ज्या पाण्यात यांपैकी एकही दोष नाही, जे नितळ, थंड व रुचकर आहे, ते निःशंक मनाने प्यावे, असेच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांगतो. परंतु गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या महानद्यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळावर वसलेल्या बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोट्यवधी लोकांच्या ओंजळीत असे पाणी आले की ज्याच्यापुढे डोळा, नाक आणि जीभ ही तिन्ही निरुपयोगी ठरली. ते नितळ होते, थंड होते, रुचकर होते; आणि त्यात आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडील वैद्यांना परिचित असलेला सोमल, विरघळलेला होता.

हे पाणी वर काढण्यामागील हेतू उदात्त होता, ही गोष्ट आरंभीच नोंदवली पाहिजे. तळ्यांचे आणि ओहोळांचे पाणी पिऊन पटकी व हगवण यांनी मुले दगावत असत, आणि त्यावर उपाय म्हणून १९७०च्या दशकात बांगलादेश सरकारने युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव हातपंपाच्या उथळ कूपनलिका बसवण्याची मोहीम हाती घेतली. ही कल्पना लोकांना इतकी पटली की पुढे सरकारी मंजुरीची वाट न पाहता ज्याने त्याने आपापल्या अंगणात, स्थानिक मिस्त्रीला बोलावून, पदरच्या पैशाने नळी ठोकून घेतली, आणि शतक संपता संपता अशा कूपनलिकांची संख्या एक कोटीच्या आसपास पोहोचली. रोगजंतूंपासून मुक्त असलेले पाणी दाराशी आले. परंतु त्याबरोबर दुसरे काय आले याची चौकशी कोणत्याही दप्तरात झाली नाही.

ती चौकशी प्रथम एका त्वचारोगतज्ज्ञाने केली. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून असे रोगी येऊ लागले की ज्यांचे तळहात व तळपाय चामखिळींसारख्या खरखरीत गाठींनी भरले होते, आणि ज्यांच्या छातीपाठीवर, पावसाचे थेंब पडावेत तसे, गडद व फिके ठिपके उमटले होते. हा विकार अनेकदा महारोग समजला जाई, आणि रोग्याच्या वाट्याला शारीरिक यातनांबरोबर समाजाचा बहिष्कारही येई. डॉ. साहांनी या खुणा जुनाट आर्सेनिक-विषबाधेच्या म्हणून ओळखल्या आणि त्यांचा माग थेट कूपनलिकेपर्यंत नेला. पुढे जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८पासून गावोगाव हिंडून पाणी, केस, नखे आणि मूत्र यांचे नमुने जमवले आणि हा प्रश्न मूठभर गावांचा नाही, हे वर्षानुवर्षे सांगितले. सीमेपलीकडे बांगलादेशात, चापाई नवाबगंज जिल्ह्यात, १९९३ साली हेच विष सापडले. १९९८-९९मध्ये बांगलादेशचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते आणि ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे यांनी देशातील ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतील ३,५३४ कूपनलिकांची तपासणी केली, तेव्हा दीडशे मीटरपेक्षा उथळ अशा कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक आढळले. या हिशेबाने सुमारे साडेतीन कोटी माणसे ५० मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मर्यादेपलीकडचे विष पीत होती. आणि जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची कडक मर्यादा धरली तर हा आकडा पावणेसहा कोटींच्या घरात जात होता. एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा, असे तिचे वर्णन अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ अ‍ॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली केले. त्वचेवरील खुणा ही या रोगाची केवळ पहिली पायरी. वर्षानुवर्षे हे पाणी पोटात जात राहिले तर त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुसे यांना कर्करोग होऊ शकतो.

या इतिहासातील एक प्रकरण असे आहे की ज्याचा विचार पाण्याच्या तपासणीशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे. १९९२ साली, म्हणजे बांगलादेशात हे विष उघडकीस येण्याच्या आदल्याच वर्षी, ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने त्या देशाच्या काही भागांतील कूपनलिकांच्या पाण्याचे पृथक्करण केले होते. कितीतरी मूलद्रव्यांची मोजणी झाली, परंतु त्या यादीत आर्सेनिक नव्हते. अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात आर्सेनिकाविषयी अवाक्षर नव्हते, आणि लोक तेच पाणी पीत राहिले. पुढे एका बाधित ग्रामस्थाच्या वतीने इंग्लंडमध्ये फिर्याद दाखल झाली. ती पायरी पायरीने वर चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली, आणि २००६ साली तेथील न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की अहवाल लिहिणारी संस्था आणि ते पाणी पिणारा खेडूत यांच्यात कायद्याने जबाबदारी उत्पन्न व्हावी असे निकटचे नाते नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा निवाडा कदाचित निर्दोष असेल; पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक अत्यंत कठोर सत्य उघडे पडते. पाण्याची तपासणी म्हणजे पाण्याला विचारलेले ठरावीक प्रश्न होत. जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर पाणी आपण होऊन देत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नापुढील कोरी जागा वाचणाऱ्याला निर्दोषपणाचा दाखला वाटते.

मग हे विष आले कोठून? कोणत्याही कारखान्याने ते सोडलेले नव्हते. हिमालयातील खडकांची झीज होऊन जी वाळू व जो गाळ खाली येतो, त्याच्या कणांवर लोहाच्या गंजाचे पातळ पुट असते आणि त्या पुटाला आर्सेनिक घट्ट चिकटलेले असते. जोपर्यंत प्राणवायू आहे तोपर्यंत ते तेथेच बद्ध राहते. परंतु हजारो वर्षांपूर्वीच्या दलदलींतील वनस्पतींचे अवशेष ज्या थरांत गाडले गेले आहेत तेथे प्राणवायू संपून जातो, आणि तेथील सूक्ष्मजंतू प्राणवायूच्या जागी त्या लोहगंजाचाच उपयोग करून आपली जीवनक्रिया चालवू लागतात. गंज विरघळतो, लोह पाण्यात उतरते, आणि त्याच्या आश्रयाला असलेले आर्सेनिक मोकळे होते. आता हे थर सर्वत्र सारखे नाहीत. नदीने पात्र बदलले, कोठे वाळू टाकली, कोठे चिखल टाकला, त्याप्रमाणे जमिनीखालचा नकाशा पावलोपावली बदलतो. म्हणून एका घरची कूपनलिका विषारी आणि चाळीस पावलांवरच्या शेजाऱ्याची निर्मळ, असा प्रकार तेथे नित्याचा आहे. तालुक्याची सरासरी काढून अशा ठिकाणी काहीही साधत नाही. प्रत्येक नळीला स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो, आणि नळ्या एक कोटी आहेत.

त्यातही शोधायचे प्रमाण किती सूक्ष्म! लिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे एक लाख लिटरांत एक ग्रॅम. उन्हाळ्यात आपल्याकडे टंचाईग्रस्त गावांना पाणी पुरवणारे दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीने उभे केले आणि त्या सर्वांत मिळून चिमूटभर पूड विरघळवली, तर जे प्रमाण होईल ते. एवढे अल्प द्रव्य हुडकण्याचे सामर्थ्य माणसाला ज्या साधनाने दिले ते साधन म्हणजे प्रकाश.

प्रकाश द्रवातून जाताना त्याचा काही अंश शोषला जातो, आणि तो किती शोषला जावा याला नियम आहे. फ्रान्समधील पिएर बुगेर यांनी १७२९ साली आणि योहान लँबर्ट यांनी १७६० साली दाखवले की प्रकाशाचा ऱ्हास द्रवाच्या जाडीवर अवलंबून असतो. ऑगुस्ट बेअर यांनी १८५२ साली त्यात विरघळलेल्या द्रव्याच्या प्रमाणाची जोड दिली. रंग जितका गडद तितके द्रव्य अधिक, हे तर रंगाऱ्यालाही ठाऊक होते; परंतु किती गडद म्हणजे किती अधिक, याचे गणित या तिघांनी हाती दिल्यामुळे रंग हा मोजमापाचा विषय झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी ज्योतीच्या प्रकाशाचे लोलकाने पृथक्करण करून असे दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात आपापल्या निश्चित रेषा उमटवते. या युक्तीने त्यांना १८६० साली जे पहिले नवे मूलद्रव्य सापडले, ते सापडले ड्युर्कहाइम येथील खनिज पाण्याच्या झऱ्यात. आधी दोन निळ्या रेषा दिसल्या, मग त्या रेषांच्या भरवशावर सुमारे चाळीस टन पाणी आटवून सीझियमचे क्षार हाती आले. पाण्यात दडलेल्या अज्ञात द्रव्याची वार्ता प्रकाशाने आधी द्यावी आणि तराजूने ती नंतर खरी ठरवावी, हा क्रम मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत रमणीय प्रसंगांपैकी एक वाटतो. आज मोठ्या प्रयोगशाळांत आर्सेनिक मोजण्याची एक प्रमाण पद्धत याच वंशातील आहे: नमुन्यातील अणू तापवून मोकळे करायचे आणि १९३.७ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणाचा किती भाग ते गिळतात हे पाहायचे. १९५५ साली ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन वॉल्श यांनी या आण्विक शोषण-मापनाचा पाया घातला. परंतु या यंत्राला अखंड वीज लागते, शुद्ध वायू लागतात, निष्णात माणूस लागतो; बंगालच्या पाणथळ भागातील वाडीत ते नेता येत नाही, आणि एक कोटी बाटल्या ढाक्याला वा कलकत्त्याला आणून तपासता येत नाहीत.

तेव्हा वाडीत जी रीत चालली ती एकोणिसाव्या शतकातील होती, आणि तिचा उगम न्यायालयात होता. सोमल घालून केलेले खून सिद्ध करणे अवघड जाते म्हणून इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी १८३६ साली एक कसोटी प्रसिद्ध केली. तीत नमुन्यातील आर्सेनिकाचे हायड्रोजनाच्या योगाने वायूत रूपांतर करून ते पकडले जाई. त्याच शतकात पुढे गुटझाइट यांनी ती सुटसुटीत केली. आज खेड्यात वापरल्या जाणाऱ्या संचाचे मूळ तेच आहे: बाटलीत पाणी घ्यायचे, जस्ताची पूड व आम्ल टाकायचे, आणि झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाची पट्टी अडकवून ठेवायची. आर्सेनिक असेल तर त्याचा आर्सीन नावाचा वायू वर येऊन पट्टीला भिडतो आणि पांढरा कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो. पट्टी काढून छापील रंगपत्रिकेशी ताडून पाहायची, आणि जो रंग जुळेल त्यासमोरचा आकडा नोंदवायचा. २००० ते २००३ या काळात बांगलादेशात अशा संचांनी सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. ज्यांत आर्सेनिक ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निघाले त्यांच्या तोंडाला लाल रंग दिला, उरलेल्यांना हिरवा. लाल ठरलेल्यांची संख्या १४ लाखांहून अधिक होती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही दुरून कळावा असा हा निकाल होता, आणि त्याचा परिणामही झाला: ढाक्याजवळच्या आराइहाजार भागात, ज्या कुटुंबांना आपली नळी विषारी असल्याचे कळले त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी दुसऱ्या नळीवरून पाणी आणायला सुरुवात केली, असे कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासकांना आढळले. पाणी शुद्ध करणारे एकही यंत्र न देता, निव्वळ माहितीने एवढे साधले.

परंतु या पद्धतीत एक दुबळा सांधा होता, आणि तो म्हणजे माणसाचा डोळा. फिकट पिवळा आणि त्याहून किंचित गडद पिवळा यांतील भेद सकाळच्या उन्हात एक दिसतो, ढगाळ दुपारी दुसरा. दिवसभर पट्ट्या पाहून शिणलेल्या कर्मचाऱ्याला तो तिसराच दिसतो. पाण्यात गंधकाचा वायू असेल तर तोही पट्टी काळवंडवतो, म्हणून तो आधी अडवावा लागतो. जेथे विष पुष्कळ तेथे पट्टी उघड बोलते. पण मर्यादेच्या थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे, म्हणजे जेथे निर्णयाची खरी कसोटी लागते तेथेच, ती अडखळते. जादवपूरच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतील मोजणीशी या संचांची तुलना करून २००२ साली दाखवून दिले की हिरव्या रंगवलेल्या अनेक नळ्या लाल असायला हव्या होत्या, आणि लाल रंगवलेल्या काही हिरव्या. चुकून लाल ठरलेल्या नळीमुळे एखादीला लांबून पाणी वाहावे लागेल. चुकून हिरव्या ठरलेल्या नळीमुळे एक कुटुंब सरकारी रंगाच्या भरवशावर विष पीत राहील. या दोन चुका एकाच तराजूत घालता येत नाहीत.

म्हणून पट्टीचा रंग डोळ्याऐवजी छोट्या प्रकाशमापकाने वाचण्याची तजवीज झाली. स्थिर प्रकाशाचा झोत पट्टीवर पडतो, परावर्तित किरण एका संवेदकावर येतात, आणि पडद्यावर आकडा उमटतो. ऊन, ढग आणि थकवा यांचा संबंध उरत नाही. दुसरी एक रीत पट्टी सोडून पाण्यालाच रंगवते. मॉलिब्डेनमचे क्षार आर्सेनेटशी संयोग पावून निळा रंग देतात, आणि ८८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य तांबड्याच्या पलीकडे, त्याचे शोषण मोजता येते. यात अडचण अशी की पाण्यातील निरुपद्रवी फॉस्फेटही हुबेहूब तसाच निळा रंग देते, आणि बंगालच्या भूजलात फॉस्फेट विपुल आहे. त्यावरचा तोडगा मोठा चतुर आहे. नमुन्याचे दोन भाग करायचे. एकात सगळे आर्सेनिक रंग देणाऱ्या रूपात आणायचे, दुसऱ्यात ते रंग न देणाऱ्या आर्सेनाइटच्या रूपात ढकलायचे. फॉस्फेट दोहोंत सारखेच रंगते, म्हणून दोन वाचनांतील वजाबाकी उरते ती केवळ आर्सेनिकाची.

अलीकडे या विद्येने जी वळणे घेतली आहेत त्यांत लोझान व लाइपझिग येथील संशोधकांनी विकसित केलेले जंतू मला विशेष विचारार्ह वाटतात. काही जंतूंच्या अंगी आर्सेनिकापासून बचाव करण्याची उपजत यंत्रणा असते: एक प्रथिन त्या यंत्रणेचा दरवाजा बंद ठेवते, आणि आर्सेनिक पेशीत शिरताच ते त्याला चिकटून दरवाजा सोडते. संशोधकांनी या दरवाजामागे प्रकाश उत्पन्न करणारे जनुक बसवले. परिणामी आर्सेनिक दिसताच जंतू उजळतात, आणि जितके विष अधिक तितका उजेड अधिक. विषारी आर्सीन वायू नाही, पाऱ्याची पट्टी नाही, आणि एकाच वेळी अनेक नमुने. व्हिएतनाम आणि बांगलादेश येथील प्रत्यक्ष विहिरींच्या पाण्यावर या पद्धतीची परीक्षा झाली आहे. जनुक बदललेले जंतू खेड्यात नेण्याविषयी ज्या शंका घेतल्या जातात त्या अनाठायी नाहीत, आणि म्हणून ते बंद कुपीतच वाढवून तेथेच मारण्याची व्यवस्था केलेली असते. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा मार्ग निराळा आहे: हे कण पाण्यात सुटे असताना लाल दिसतात आणि आर्सेनिकाच्या योगाने एकमेकांना चिकटले की निळे. प्रयोगशाळेत तो फार देखणा वाटतो. पण लोह, चुना आणि क्षार यांनी भरलेल्या खऱ्या भूजलात कण भलत्याच कारणाने चिकटू नयेत याची हमी मिळेपर्यंत त्यावर कोणाच्या आरोग्याचा भार टाकणे मला प्रशस्त वाटत नाही.

आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. समुद्राच्या निळेपणाचे कारण शोधताना १९२१ साली ज्या चिंतनाला आरंभ झाला, त्याची परिणती २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात झाली: द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळे, त्या द्रवाच्या रेणूंची ओळख सांगणारे किरण असतात, हे त्या दिवशी निश्चित झाले. हे किरण अत्यंत क्षीण असतात. परंतु चांदीच्या पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंच्या बाबतीत ते लक्षावधी पटींनी प्रबळ होतात हे १९७०च्या दशकात ध्यानात आले, आणि आता त्या आधारे आर्सेनाइट व आर्सेनेट यांना एकमेकांपासून वेगळे ओळखता येते. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही, कारण आर्सेनाइट अधिक विषारी असून गाळणीला सहजी दाद देत नाही. ज्या नगरात साहांनी तळहातांवरील खुणा वाचल्या, त्याच नगरात ही दृष्टी जन्माला आली होती.

महाराष्ट्रात आर्सेनिकाचा हा प्रश्न नाही. येथे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील विंधनविहिरींत फ्लोराइडचे संकट आहे, दातांवर डाग आणणारे आणि पुढे हाडे वाकवणारे. त्याची रंगपरीक्षा उलट्या दिशेने चालते: झिर्कोनियम आणि रंगद्रव्य यांचा संयोग आधीच रंगीत असतो, फ्लोराइड त्यातून झिर्कोनियम ओढून घेते, आणि रंग जितका बदलतो तितके फ्लोराइड अधिक. जल जीवन मिशनअन्वये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना अशा क्षेत्रीय संचांनी पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. ज्या हाताने पाणी भरायचे त्याच हाताने ते तपासावे, ही व्यवस्था मला कोणत्याही दूरच्या प्रयोगशाळेपेक्षा मोलाची वाटते, मात्र तिची नोंद दप्तरात पडून न राहता हापशापाशी लागली पाहिजे.

बांगलादेशात २००३नंतर नळ्या तपासण्याची ती सरकारी मोहीम थांबली. नळ्यांवरचे रंग उन्हापावसात उडून गेले, आणि लाखो नव्या नळ्या, कोणीही न तपासलेल्या, जमिनीत गेल्या. तरीही रंग वाचण्याचे काम तेथे थांबलेले नाही, कारण ते यंत्रांच्या आधीपासून चालू होते. नळी ठोकणारे मिस्त्री वर येणाऱ्या वाळूचा रंग पाहत आले आहेत: काळी, पांढरी, मळकट पांढरी आणि तांबूस. बांगलादेशातील मतलब भागात स्वीडिश व बांगलादेशी भूशास्त्रज्ञांनी त्यांच्या या चार रंगांची रासायनिक पृथक्करणाशी तुलना केली, तेव्हा तांबूस वाळूतील पाणी बहुधा आर्सेनिकमुक्त आणि काळ्या वाळूतील बहुधा सदोष, असा मेळ निघाला. तांबूस वाळूवरचा लोहगंज अजून शाबूत असतो, म्हणून विष त्याला धरून असते. नळीभोवतीच्या ओट्यावरचा डागही असाच वाचता येतो. तांबडा डाग म्हणजे विरघळलेले लोह, आणि त्याबरोबर आर्सेनिकाचा दाट संशय. काळा डाग म्हणजे मँगनीज, आणि आर्सेनिकाच्या दृष्टीने बहुधा निर्धास्त पाणी, जरी मँगनीजचा स्वतःचा उपद्रव वेगळा पाहावा लागतो. आता नवी नळी कोठे आणि किती खोल ठोकायची हे ठरवताना या मिस्त्रींनाच हाताशी धरले जाते: ते तांबूस थर लागेपर्यंत खाली जातात, मग पाणी वर काढून त्याची पट्टीवर परीक्षा होते.